निर्णय आणि भरपाई

न्यायदानाचें काम सावकाश चालावें, असा सर्व सुधारलेल्या समाजांचा संकेत आहे. वादी आपलें म्हणणें मांडतो, प्रतिवादी तें खोडून काढतो, साक्षी तपासल्या जातात, कागद पाहिले जातात, आणि एवढें सर्व झाल्यावरहि न्यायाधीश निकाल राखून ठेवून घरीं जातो. निकाल चुकला असें वाटलें तर वरचें न्यायालय आहे; त्याच्याहि वर आणखी एक आहे. या दिरंगाईबद्दल आपण कितीहि कुरकुर केली तरी मनांतून ती आपणांस हवीच असते. कारण घाईनें दिलेला न्याय हा न्यायच नव्हे, अशी आपली समजूत आहे. रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव महाराष्ट्रांत आजवर आदरानें घेतलें जातें तें त्यांच्या निःस्पृहतेमुळें व निर्भयतेमुळें. पण राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलें तें नारायणरावांच्या खुनाची चौकशी केल्यावर, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. निःस्पृहतेला आणि निर्भयतेला तेथें वेळेची जोड मिळाली होती.

परंतु जगांत अशींहि कांहीं न्यायासनें आहेत कीं, त्यांवर बसणाऱ्याला वेळ मुळींच मिळत नाहीं. टेनिसच्या पंचाची खुर्ची हें त्यांपैकीं एक. जाळ्याच्या टोकाशीं सहा ते आठ फूट उंचीवर ही खुर्ची असते. समोर ७८ फूट लांबीचें आणि, एकेरीचा सामना असेल तर, २७ फूट रुंदीचें मैदान. चेंडू रेषेला लागला कीं बाहेर पडला हें सांगावयाचें, आणि तें प्रेक्षकांच्या ओठांवर शब्द येण्यापूर्वीं सांगावयाचें. या खुर्चीवर बसावयास शिकणाऱ्याला नेमकें काय शिकावें लागतें, हा प्रश्न वरवर पाहतां खेळाचा आहे. मला तो नीतिशास्त्राचा वाटतो, आणि म्हणूनच या पानांत मांडण्याचें धाडस करीत आहें.

हें शिक्षण बहुधा खुर्चीवर सुरू होत नाहीं. जमिनीवरच सुरू होतें. मुलांच्या व लहानसहान स्पर्धांत प्रत्येक मैदानाला एक पंच पुरविणें परवडत नाहीं. तेथें जाळ्याच्या आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निकाल ज्याचा त्यानेंच द्यावयाचा असतो. म्हणजे स्वतःच्या खटल्यांत स्वतःच न्यायाधीश! नियम एवढाच कीं, शंका असेल तर निकाल प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनें द्यावा. नवशिका पंच अशा चार-सहा मैदानांवरून फिरत असतो आणि भांडण झालें तर मधें पडतो. बारा-तेरा वर्षांचीं मुलें हा नियम कसा पाळतात तें पाहण्यासारखें असतें. कांहीं मुलें इतकीं भिडस्त असतात कीं, चेंडू वीतभर बाहेर पडला तरी क्षणभर घुटमळतात. कांहीं मात्र रेषेला चाटून गेलेल्या चेंडूलाहि ठणठणीत आवाजांत बाहेर काढतात. या दुसऱ्या प्रकारचीं मुलें खोटें बोलत असतात असें नेहमींच म्हणतां येत नाहीं. पुष्कळदां त्यांना तो चेंडू खरोखरच बाहेर दिसलेला असतो. जिंकण्याची इच्छा डोळ्यापुढें येऊन उभी राहते, आणि डोळा तिच्या आरपार पाहूं शकत नाहीं. नवशिक्या पंचाला मिळणारा पहिला धडा हा, आणि तो त्याला नियमांच्या पुस्तकांतून मिळत नाहीं.

त्यापुढचा क्रम बराचसा शाळेसारखा आहे. नियमांची लेखी परीक्षा, गुण मांडण्याचा कागद, हातांच्या खुणा, आवाज. आंतरराष्ट्रीय संघटनेनें पंचांचे दर्जे ठरवून दिले आहेत: आधीं पांढरा बिल्ला, मग कांस्य, मग रौप्य, मग सुवर्ण. सामन्यापूर्वीं जाळ्याची उंची मोजावयाची, मध्यभागीं ती तीन फूट भरली पाहिजे, नाणें उडवावयाचें, दोन गुणांमधले २५ सेकंद व बाजू बदलण्याचे ९० सेकंद यांवर लक्ष ठेवावयाचें. हें सर्व कोणीहि हुशार कारकून सहा महिन्यांत शिकेल. पण या कवायतींत मधूनच एक अशी गोष्ट सांपडते कीं, तेथें आपण थबकतों. गुण संपला कीं पंचानें कोणाकडे पाहावें? जिंकणाऱ्याकडे पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. सारें प्रेक्षागृह तिकडेच पाहत असतें. पंचाला मात्र ज्यानें गुण गमावला त्याच्याकडे पाहावयास शिकवितात. हेतु अगदीं व्यवहारी आहे. रॅकेट आपटली जाईल ती त्याच बाजूला, शिवी येईल ती त्याच तोंडून. तरीहि हजारों डोळ्यांपैकीं एक जोडी नियमानें हरणाऱ्याकडे वळते, या गोष्टीचें मला मोठें नवल वाटतें.

आतां मुख्य मुद्याकडे येतों. पंचाच्या अधिकाराची वांटणी मोठी चमत्कारिक आहे. नियमाचा अर्थ काय या प्रश्नावर खेळाडूला रेफरीकडे दाद मागतां येते. पण चेंडू कोठें पडला, जाळ्याला लागला कीं नाहीं, दोनदां उडाला काय, अशा वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर पंचाचा शब्द अखेरचा. नियम पुस्तकांत छापलेला असतो. तो शांतपणें वाचतां येतो, आणि त्यावर अपील आहे. वस्तुस्थिति निमिषांत होऊन जाते, डोळा फसण्याचा संभव तेथेंच सर्वांत अधिक, आणि तेथें अपील नाहीं. रेषेवर रेषापंच बसलेला असेल तर त्याचा निकाल फिरविण्याचा हक्क खुर्चीवरील पंचाला आहे. पण त्यालाहि दोन अटी आहेत. चूक स्पष्ट असली पाहिजे, आणि ती ताबडतोब फिरविली पाहिजे. प्रेक्षकांनीं आरडाओरड केल्यावर, खेळाडू जवळ येऊन हुज्जत घालूं लागल्यावर, किंवा स्वतःलाच मागाहून खटकलें म्हणून निकाल बदलतां येत नाहीं.

गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. मधल्या पांच जागा प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क यांनीं व्यापल्या आहेत. संशयाकडून निर्णयाकडे जाणाऱ्यानें हा पांच पायऱ्यांचा जिना चढून जावें, हें शास्त्राला अभिप्रेत आहे. टेनिसच्या पंचाला या पांचहि पायऱ्या वर्ज्य. तो तर्क करावयास बसला कीं त्याचा निर्णयाचा हक्क गेला! लाल मातीच्या मैदानावर चेंडूचा व्रण उमटतो आणि पंच खुर्चीवरून उतरून तो पाहूं शकतो, तेवढा अपवाद. पण तेथेंहि हा व्रण त्याच चेंडूचा कशावरून, हा वाद उभा राहतोच.

या घाईच्या न्यायांत एक गोष्ट मात्र फार सुंदर आहे. रेषापंचाची दृष्टि खेळाडूच्या अंगामुळें अडली आणि त्याला चेंडू दिसला नाहीं, तर त्यानें दोन्ही हात डोळ्यांपुढें धरावयाचे असतात. ‘मला दिसलें नाहीं’ अशी ही जाहीर कबुली. मग खुर्चीवरील पंचानें पाहिलें असेल तर तो निकाल देतो. त्यालाहि दिसलें नसेल तर तो गुण पुन्हां खेळवितात. आपल्या सार्वजनिक जीवनांत अधिकारावर बसलेल्या कोणा माणसानें अशी खूण केलेली माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. येथें ती नियमांतच आहे आणि ती करण्यांत कमीपणा नाहीं.

पण दिसलें, निर्णय दिला, आणि मग तो चुकला असें कळलें तर? खेळाडूचा चेहरा, प्रेक्षकांतील कुजबुज, किंवा केवळ स्वतःची आठवण यांवरून पंचाला कळून चुकतें कीं, तो चेंडू आंत होता. निकाल फिरविण्याची वेळ टळलेली आहे. सामना अजून तासभर चालावयाचा आहे. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो खेळाडू दर दोन मिनिटांनीं डोळ्यांसमोर येतो. अशा वेळीं दुष्ट मनुष्याला कांहींच वाटणार नाहीं. भल्या मनुष्याला मात्र एक मोह होतो. पुढें असाच एखादा अटीतटीचा चेंडू आला, तर तो याच्या पारड्यांत टाकावा, म्हणजे फिटंफाट होईल. पंचाला या मोहापासून दूर राहावयास शिकावें लागतें, आणि माझ्या मतें त्याच्या सर्व शिक्षणांत अवघड तें हेंच. कारण येथें त्याला आपल्या दुर्गुणाशीं झगडावयाचें नसून आपल्या चांगुलपणाशीं झगडावयाचें असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, हा केवळ कोरडा नियमनिष्ठपणा झाला. ज्याच्या हातून अन्याय झाला त्यानें भरपाई करूं नये, हें कसलें नीतिशास्त्र? घरांत बापानें एका मुलाला विनाकारण शिक्षा केली तर तो दुसऱ्या दिवशीं त्याला जवळ घेतो, एखादी वस्तु आणून देतो. आणि तसें न करणारा बाप कठोर म्हणून ओळखला जातो. आक्षेप खोटा नाहीं. पण बाप जें देतो तें स्वतःच्या पदरचें देतो. त्याच बापानें धाकट्याच्या ताटांतला लाडू उचलून थोरल्याच्या ताटांत टाकला, तर आपण त्याला न्यायी म्हणूं काय? पंचाच्या पदरीं स्वतःचें असें कांहींच नसतें. त्याच्यापाशीं एकहि गुण नाहीं. जो गुण तो भरपाई म्हणून देईल तो समोरच्या खेळाडूचा असेल, आणि त्या खेळाडूचा तर कांहींच अपराध नाहीं. आपल्याकडे प्रायश्चित्ताचे शेंकडों प्रकार सांगितले आहेत, पण दुसऱ्याच्या पैशानें प्रायश्चित्त घ्यावें असें कोणत्याहि शास्त्रकारानें सांगितलेलें ऐकिवांत नाहीं.

आणखी असें कीं, भरपाई करावयाचें एकदां मनांत आलें म्हणजे पुढचा चेंडू पंचाला दिसेनासा होतो. त्याला जमाखर्च दिसूं लागतो. मघांच्या मुलाच्या डोळ्यापुढें जिंकण्याची इच्छा होती, याच्या डोळ्यापुढें उपकाराची आहे. डोळा दोघांचाहि झांकलाच. मग करावें तरी काय? बाजू बदलतांना खेळाडू खुर्चीजवळ येतो तेव्हां ‘तो चेंडू कदाचित् माझ्याकडून चुकला असेल’ असें सरळ सांगतां येतें. त्यानें गुण परत मिळत नाहीं, आणि खेळाडूचा राग शमेल असेंहि नाहीं. एवढें सांगून झाल्यावर पुढचा चेंडू पहिल्या चेंडूसारखा पाहावयाचा. हें बोलण्याइतकें सोपें नाहीं. परीक्षकांना, शिक्षकांना, पेढीवर दहा माणसें हाताखालीं असणाऱ्यांना याचा अनुभव असेल.

चूक कोणत्या थराला जाते याचें एक उदाहरण २००४ सालच्या विंबल्डनमधलें आहे. व्हीनस विल्यम्स ही दोनदां विजेती ठरलेली खेळाडू दुसऱ्या फेरींत करोलिना श्प्रेम हिच्याशीं खेळत होती. दुसऱ्या सेटच्या टाय-ब्रेकमध्यें पंचानें श्प्रेमला एक गुण असा दिला कीं जो तिनें मिळविलाच नव्हता. निकाल चुकला असें येथें नव्हतें; आंकडा बोलतांनाच चूक झाली होती. आश्चर्य हें कीं, दोघींपैकीं कोणीहि हरकत घेतली नाहीं. उंचावरून जो आंकडा पुकारला गेला तोच खरा आंकडा ठरला, आणि खेळ पुढें चालला. श्प्रेम ७–६, ७–६ अशी जिंकली. त्या पंचाला त्या स्पर्धेंत पुन्हां खुर्ची मिळाली नाहीं. व्हीनसनें आपल्या पराभवाचें खापर त्या एका गुणावर फोडलें नाहीं, हें तिला शोभण्यासारखेंच झालें. मला मात्र श्प्रेमविषयीं विचार करावासा वाटतो. तिला तो जादा गुण जाणवला होता काय? जाणवला असेल तर मघाच्या मुलांच्या मैदानावरचा नियम तिला लागू होता कीं नव्हता? पंच खुर्चीवर येऊन बसला कीं खेळाडूंच्या सदसद्विवेकबुद्धीला सुटी मिळते, असा एक समज सर्व खेळांत रूढ आहे, आणि तो मला फार घातक वाटतो.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत अमेरिकन स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व सामन्यांत सेरेना विल्यम्सचा चेंडू रेषेच्या चांगला आंत पडला असतां आणि रेषापंचानें तसा निकाल दिला असतां, खुर्चीवरील पंचानें तो फिरवून गुण जेनिफर कॅप्रियाती हिला दिला. घरोघर दूरचित्रवाणीवर लोकांनीं तो चेंडू पुन्हांपुन्हां पाहिला. पंचाची चूक पूर्वींहि होत असे, पण ती मैदानांतच राहत असे. आतां ती आठ दिवस घरोघर फिरूं लागली. चेंडूचा माग काढणारें यंत्र मोठ्या स्पर्धांत यावें अशी मागणी या प्रसंगानें बळावली, आणि २००६ सालीं तें अमेरिकन स्पर्धेंत आलेंहि.

यंत्राच्या गोष्टीकडे वळण्यापूर्वीं २०१८ सालचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. कारण तेथें प्रश्न डोळ्याचा नव्हताच. अमेरिकन स्पर्धेचा महिलांचा अंतिम सामना ८ सप्टेंबरला सेरेना विल्यम्स व नाओमी ओसाका यांच्यांत झाला. पंच होते कार्लोस रामोस. सेरेनाच्या मार्गदर्शकानें प्रेक्षकांतून खुणा केल्या म्हणून त्यांनीं तिला ताकीद दिली; तिनें रॅकेट मोडली तेव्हां एक गुण कापला; ती त्यांना चोर म्हणाली तेव्हां एक संपूर्ण गेम कापला. ताकीद, गुण, गेम हा क्रम नियमांत ठरलेला आहे. मार्गदर्शकानें खुणा केल्याचें पुढें स्वतःच कबूल केलें. आपण त्या पाहिल्या नाहींत, असें सेरेनाचें म्हणणें. ओसाका जिंकली आणि बक्षीस घेतांना रडली. पुरुष खेळाडू याहून वाईट बोलतात आणि सुटतात, असा आक्षेप तेव्हां घेतला गेला, आणि त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. पण एका पंचाला सुसंगत राहतां येतें तें स्वतःशीं. इतर पंचांच्या सौम्यपणाचें ओझें त्याच्या शिरावर कसें टाकावें? पुढें नियमच बदलला. २०२५ च्या जानेवारीपासून सामना चालू असतां मार्गदर्शकानें बाहेरून सल्ला देण्यास आंतरराष्ट्रीय संघटनेनें परवानगी दिली. ज्या कृत्याबद्दल त्या दिवशीं ताकीद मिळाली तें आज कृत्यच राहिलें नाहीं. म्हणून त्या दिवशींची ताकीद अन्यायाची ठरते काय? मला तसें वाटत नाहीं. उद्यांचा नियम आज ओळखून तो आजच लागू करणें हा सुधारकाचा धर्म असेल, पंचाचा नव्हे. अंतिम सामना आहे, प्रतिष्ठित खेळाडू आहे, म्हणून ताकीद गिळून टाकणें त्या पंचाला सहज शक्य होतें, आणि बहुतेकांनीं तें समजूतदारपणाचेंच मानलें असतें. पण त्याची किंमत ओसाकाला द्यावी लागली असती.

आतां यंत्राविषयीं. २०२५ सालापासून पुरुष व्यावसायिकांच्या मुख्य दौऱ्यावर सर्व रेषांचे निकाल यंत्रच देतें. विंबल्डननेंहि त्याच वर्षीं आपल्या रेषापंचांना निरोप दिला. चेंडू कोठें पडला हें यंत्राला माणसापेक्षां चांगलें कळतें, यांत शंका नाहीं. त्याविरुद्ध गळा काढण्यांत अर्थ नाहीं. अन्याय कमी झाला ही चांगलीच गोष्ट झाली. पण एक अडचण त्या वेळीं फारशी कोणी बोलून दाखविली नाहीं. खुर्चीवर बसणारे पंच बहुतेक रेषेवरूनच वर आले होते. तासन्‌तास एकाच रेषेकडे पाहून, चुकून, ओरडा खाऊन त्यांचा डोळा तयार झाला होता. ती पायरीच काढून घेतल्यावर पुढच्या पिढीनें डोळा तयार करावा कोठें? आणि तयार करून तरी काय, असें तिला वाटलें तर दोष कोणाला द्यावा?

६ जुलै २०२५ रोजीं विंबल्डनच्या मुख्य मैदानावर चौथ्या फेरीचा सामना चालू होता. रशियाची अनास्तासिया पाव्ल्युचेन्कोवा आणि इंग्लंडची सोनाय कार्टल. पहिल्या सेटमध्यें ४–४ अशी बरोबरी, पाव्ल्युचेन्कोवाची सर्व्हिस, आणखी एक गुण मिळतांच गेम तिचा. कार्टलचा एक चेंडू मागच्या रेषेबाहेर पडला. पाव्ल्युचेन्कोवा थांबली. यंत्राकडून आवाज आला नाहीं. पंचानें खेळ थांबविला, दूरध्वनीवरून विचारपूस केली, आणि तो गुण पुन्हां खेळविला. पाव्ल्युचेन्कोवानें तो गमावला, आणि पाठोपाठ गेमहि गमावला. मैदानाच्या त्या भागांतील यंत्र चालविणाऱ्यांच्या हातून चुकून बंद झालें होतें, असें मागाहून क्लबनें जाहीर केलें. त्या अवधींत तीन चेंडू यंत्रानें टिपले नव्हते. त्यांपैकीं दोहोंचा निकाल पंचानें, यंत्र बंद आहे हें ठाऊक नसतांना, स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून दिला होता. तिसऱ्या वेळीं मात्र त्यानें तोंड उघडलें नाहीं. त्यालाहि चेंडू बाहेर दिसला होता, असें त्यानें आपणांस नंतर सांगितल्याचें पाव्ल्युचेन्कोवा म्हणाली.

नियमाच्या दृष्टीनें त्याचें वागणें बिनचूक होतें, असा क्लबचा निर्वाळा आहे. डोळ्यांपुढें हात धरण्याची ती जुनी खूण मला येथें आठवते. ज्याला दिसलें नाहीं त्याच्यासाठीं ती होती. ज्याला दिसलें, पण यंत्र कांहीं बोललें नाहीं म्हणून जो गप्प राहिला, त्याच्यासाठीं कोणती खूण ठरवावी? दोनदां बोललेला मनुष्य तिसऱ्यांदा कां थबकला, हें त्याचें त्यालाच ठाऊक. कदाचित् त्यालाहि नसेल. गुण मोठा होता, मैदान मोठें होतें, यजमान देशाची खेळाडू समोर होती, आणि ज्याच्यावर भार टाकावयाचा असें एक यंत्र हाताशीं होतें.

पाव्ल्युचेन्कोवा तो सामना ७–६, ६–४ असा जिंकली. क्लबनें दुसऱ्याच दिवशीं आपल्या व्यवस्थेंत दुरुस्ती केली. सामना चालू असतां तें यंत्र कोणालाहि हातानें बंद करतां येऊं नये, अशी तजवीज करण्यांत आली.